बाहेर उघडणारं दार

तिनं खालची कडी टाचेनं आत ढकलली. वरची आणि मधली आधीच बसली होती. मग ती दाराला पाठ लावून खाली सरकली आणि कडेवरच्या लेकीच्या तोंडावर हात ठेवला. लेक रडत नव्हतीच. हात ठेवला तो सवयीनं.

बाहेर जिन्यावर बाबागाडी पायऱ्या आपटत खाली जात होती. ती त्यानं दोन्ही हातांनी उचलून फेकली होती. फेकलेली वस्तू कुठे पडते, तिचं काय होतं, हे बघितल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. म्हणून तो उंबऱ्याबाहेर दोन पावलं गेला. तेवढ्यात तिनं दार ओढलं. ठरवून नाही. हात पुढे झाला आणि लोखंडी दार धाडकन चौकटीत बसलं, एवढंच.

आता ते उघडू द्यायचं नाही. तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

लेकीचा डावा हात कोपरापासून नुसता लोंबत होता. दुपारी त्यानं तिला त्याच हातानं धरून पलंगावरून उचललं होतं, बाहुली उचलतात तसं. "हिला गप्प कर, नाहीतर मी करतो," असं म्हणत. आजवर जे झालं ते तिच्या अंगावर झालं होतं आणि ते कुठे लपवायचं, हे तिला ठाऊक होतं. बाह्या लांब घ्यायच्या, केस एका बाजूनं पुढे घ्यायचे, बोटांचं विचारलं तर गाडीच्या दारात चेमटली म्हणायचं. आज पहिल्यांदा हात पोरीवर गेला होता आणि ते कुठे लपवायचं हे मात्र तिला सुचलं नव्हतं.

पहिली लाथ बसली तसं दार तिच्या पाठीला लागलं. दुसरी. तिसरी. भिंतीवरचं घड्याळ खाली पडलं. कितीही लाथा मारल्या तरी हे दार आत येणार नव्हतं. ते बाहेर उघडणारं होतं. चोरानं लाथ घातली तरी चौकटीत आणखी घट्ट बसेल असं दार पाहिजे, म्हणून त्यानंच ते हौसेनं बसवून घेतलं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला उघडझाप करून दाखवलं होतं. किल्ली त्याच्या खिशात होती. तिचा फोनही त्याच्याच खिशात होता. पण आतल्या तीन कड्यांना किल्ली नसते.

समोरच्या काकूंच्या घरात टीव्हीचा आवाज वाढला. तो नेहमीच वाढायचा.

लाथा थांबल्या आणि तिला जास्त भीती वाटली. मग त्याचा बोलण्याचा आवाज आला, ऑफिसमधल्या लोकांशी बोलताना लावायचा तो, मऊ आणि जरासा थकलेला.

"हॅलो, अग्निशमन दल ना? दादा, जरा लवकर येता का? दार जाम झालंय. बायको आत आहे, लहान मूल आहे. बायकोची तब्येत ठीक नसते हो. डोक्याची. मुलाला काही करून बसेल, अशी भीती वाटते."

त्यानं पोलिसांना फोन केला नव्हता. पोलीस आले की काही ना काही विचारतात. दार उघडायला येणारे दार उघडतात.

*

गाडीचा भोंगा गल्लीच्या तोंडाशी बंद झाला. मग जिन्यात जड बुटांचे आवाज, काहीतरी वजनदार खाली ठेवल्याचा आवाज, आणि त्याची तीच मऊ बडबड. ती लेकीला घेऊन उठली आणि दाराच्या भिंगातून पाहिलं. भिंगावर त्याची पाठ होती. पाठीमागे दोन पिवळी शिरस्त्राणं हलत होती.

"किती जण आत?" एका बसक्या आवाजानं विचारलं. तो या लोकांचा प्रमुख असावा. बाकीचे त्याच्यापुढे कमी बोलत होते.

"दोघं. बायको आणि मुलगी, दीड वर्षाची."

"गॅस वगैरे?"

"सांगता येत नाही, दादा. तिचं काही सांगता येत नाही."

तिनं दाराला तोंड लावलं. "दार उघडू नका," ती म्हणाली. आवाज दारापलीकडे गेला नाही, म्हणून मोठ्यानं पुन्हा म्हणाली, "दादा, उघडू नका. मारतो तो आम्हाला."



"हे असं," त्याचा आवाज आला, अगदी हळवा. "गोळ्या बंद केल्यात तिनं. मागे तर सख्ख्या आईलाच ओळखेना."

तिची आई वारून चार वर्षं झाली होती. पण हे दाराआडून ओरडून सांगितलं असतं, तर तेही वेड्या बाईचं बोलणंच ठरलं असतं. तो तिचं प्रत्येक वाक्य तिच्या तोंडातून निघायच्या आधीच खोटं करून ठेवायचा. त्यात त्याचा हात कुणी धरू शकलं नसतं.

"ताई," बसका आवाज दाराच्या अगदी जवळून आला. लहान मुलाशी किंवा पिसाळलेल्या जनावराशी बोलावं तसा सावकाश. "घाबरू नका. आम्ही मदतीला आलोय. बाळाला घ्या आणि दारापासून लांब, आतल्या खोलीत जा. तुकडा उडतो कधीकधी."

"दादा, ऐका तरी माझं."

"ऐकतो, ताई. आधी दार उघडू, मग निवांत ऐकतो." आणि मग दुसऱ्या कुणाला, "पैलवान, स्प्रेडर घे. कडीच्या बाजूनं फाकव."

ती आतल्या खोलीत गेली नाही. लेकीला तिनं सोफ्याच्या कोपऱ्यात उशांमध्ये बसवलं आणि परत येऊन दाराची मूठ दोन्ही हातांनी धरली. बाहेर उघडणाऱ्या दाराला आतून सामान लावून उपयोग नसतो. ते ओढूनच धरावं लागतं. तिच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं नीट मिटत नव्हती, म्हणून तिनं मनगट मुठीत अडकवलं.

दार आणि चौकट यांच्यामधल्या फटीत काहीतरी खुपसलं गेलं. आधी ठोकण्याचा आवाज, मग आत शिरलेली दोन पोलादी टोकं तिला दिसली, मिटलेल्या चोचीसारखी एकमेकांना चिकटलेली. मग बारीक घूं असा आवाज झाला, मिक्सरपेक्षाही हळू. मोठा आवाज यंत्राचा नव्हताच. दारानं केला तो आवाज. चोच उघडू लागली आणि लोखंड किंचाळलं. रंगाचे पापुद्रे तिच्या पायांवर पडले. चौकट भिंतीतून सुटताना सिमेंटचा भुगा पिठासारखा खाली आला. तिनं अंगातला सगळा जोर लावून मूठ मागे ओढली आणि तिच्या लक्षात आलं, की समोरच्या यंत्राला ती आतून ओढतेय याचा पत्ताही लागलेला नाही. ते यंत्र घाईत नव्हतं, रागावलेलं नव्हतं. रागावलेल्या माणसाचा निदान अंदाज घेता येतो. तो दमतो कधी, थांबतो कधी, हे ती एवढ्या वर्षांत शिकली होती. हे दमणारं नव्हतं.

वरची कडी तुटली. स्क्रू सुटून समोरच्या भिंतीवर आपटला आणि उलटून तिच्या कानाजवळून गेला. लेक आता रडायला लागली. एकच हात पुढे करून.

"दार आहे की माझी सासू," बाहेर पैलवान म्हणवला जाणारा माणूस धापा टाकत म्हणाला. "एका बाजूनं नमली की दुसरीकडून तडकते."

"तोंड कमी चालव," बसका आवाज म्हणाला. "मधल्या कडीशी घे."

घूं. पुन्हा तीच किंकाळी. मधली कडी सरळ वाकली, तार वाकावी तशी, आणि आपल्या खाचेतून निघून आली. तिच्या हातातली मूठ वीतभर पुढे गेली, खांद्यात कळ गेली आणि पाय फरशीवरून घसरले. मग आवाज थांबला.

"बॅटरी उतरली."

"गाडीत दुसरी आहे. आण जा. आणि पाणी आण."

कुणीतरी बूट वाजवत खाली गेलं. बाकीचे दोघं खालच्या, तिसऱ्या मजल्याच्या वळणाशी, पायऱ्यांवर टेकले असावेत. त्यांचे श्वास ऐकू येत होते. फट आता चांगली दोन बोटं रुंद झाली होती. तिच्यातून जिन्यातला संध्याकाळचा उजेड आत येऊन फरशीवर सरळ पट्टी पडली होती. खालची गंजकी कडी तेवढी उरली होती, तीही अर्ध्या स्क्रूंवर.

पट्टी काळी झाली. तो फटीशी येऊन वाकला होता.

त्याचा एक आवाज फक्त घरातला होता. ओरडण्याच्या कितीतरी खालचा. शेजाऱ्यांना लाथा ऐकू गेल्या होत्या, भांडी ऐकू गेली होती. तो आवाज आजवर तिच्याशिवाय कुणी ऐकला नव्हता, कारण तो चार भिंतींच्या आत, कानाशीच लागायचा. आताही त्यानं तोच लावला.

"ऐक," तो म्हणाला. "हे दोन मिनिटांत आत येतील. तू हसून त्यांना पाणी देशील. मग ते जातील. मागच्या वेळी दोन बोटांवर सोडलं तुला, माझंच चुकलं. या वेळी पोरीपासून सुरू करू, म्हणजे तुला नीट बघता येईल."

तो आवाज त्यानं जिन्यात कधी वापरला नव्हता. वापरला असता तर त्याला कळलं असतं, की त्यांचा जिना विहिरीसारखा आहे. तिथे आरडाओरडा घुमून नुसता गोंगाट होतो, पण हळू बोललेला शब्द न् शब्द खालपर्यंत सुटा सुटा जातो. ती रोज जिन्यात उभं राहून लेकीला गोष्ट सांगायची आणि दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा तिथून हुंकार द्यायचे.

पायऱ्यांवरचे श्वास थांबले होते.

मग बूट वर आले. खाली गेलेला माणूस परतला होता. "ही घ्या बॅटरी," तो म्हणाला.

"राहू दे," बसका आवाज म्हणाला.

"काय झालं?" हा नवऱ्याचा आवाज, पुन्हा मऊ झालेला.

"काही नाही, साहेब. तुम्ही जरा चार पायऱ्या खाली व्हा. यंत्र चालवायचंय."

फटीतून प्रमुखाचा एक डोळा दिसला. सुरकुत्यांत सिमेंट बसलेला, लालसर. तो आधी तिच्याकडे पाहत होता, मग तिच्या मागे, सोफ्याकडे. बराच वेळ सोफ्याकडेच राहिला.

"बाळाचा डावा हात वर होतो का, ताई?"

"नाही."

"कधीपासून?"

"दुपारपासून."

"दार अडकलं होतं, की तुम्ही लावलं होतं?"

"लावलं होतं."

डोळा मिटला आणि उघडला. "हे आधीच विचारायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "आम्ही मजला विचारतो, किती माणसं विचारतो. हे विचारत नाही." मग आणखी खालच्या आवाजात, "पोलिसांना कळवायला सांगितलंय मी. पण या दाराचं आम्ही वाटोळं केलंय. ते येईपर्यंत हे टिकणार नाही."

तिला हसू आलं असतं. ते आलं नाही.

खाली कुणीतरी वॉकीटॉकीवर बोलत होतं. त्यातला एक शब्द नवऱ्याच्या कानी पडला असावा, कारण पुढच्या क्षणी बूट, शिव्या आणि कुणीतरी कठड्यावर आदळल्याचा आवाज एकदमच झाला. प्रमुखाचा डोळा फटीतून गेला आणि त्याच्या जागी चार बोटं आली. तिच्या ओळखीची बोटं. त्यांनी दाराची कड धरली आणि हिसका दिला.

शेवटची कडी स्क्रूंसकट निघून फरशीवर पडली.

दार हातभर उघडलं. तो समोर होता, तोंड लाल, ओठावर रक्त, पायरीवर आपटलेलं असावं. त्यानं पाय आत घातला. तिनं मुठीला लटकून सगळं वजन मागे टाकलं. दार त्याच्या नडगीवर आलं, त्यानं गुरासारखा आवाज केला आणि पाय काढून घेत मोकळ्या हातानं तिच्या केसांना हात घातला. डोकं दाराच्या कडेवर एकदा आपटलं. दुसऱ्यांदा. कपाळ फुटलं, एका डोळ्यात गरम काहीतरी उतरलं. तिनं मूठ सोडली नाही. सोफ्यावर लेक श्वास अडकेपर्यंत रडत होती.

मग केस सुटले. पैलवाननं त्याला मागून मिठी घातली होती आणि उचललंच होतं जवळजवळ. त्याचे पाय समोरच्या काकूंच्या दारावर थडाथड आपटत होते. प्रमुखानं खांदा लावून दार लोटलं, पण ते बसेना. तुटकी चौकट तिरकी झाली होती. आणि दाराच्या कडेवर ती चार बोटं अजून होतीच.

"रॅम आण," प्रमुख ओरडला. "फळी आण. भिंतीपासून दारापर्यंत टेकू देऊ."

समोरचं दार किलकिलं झालं. टीव्हीचा आवाज नव्हता. "अहो, माझ्या भिंतीला काही होईल का?" काकूंनी विचारलं.

"पोचा पडेल, काकू."

"लावा," त्या म्हणाल्या आणि दार मिटलं.

जाड लोखंडी दांडा तिला फटीतून दिसला. एक टोक काकूंच्या भिंतीवर, मध्ये लाकडी फळी, दुसरं टोक तिच्या दारावर, तिथेही फळी. घूं झालं. दांडा आपल्यातूनच लांब होऊ लागला आणि दार आत, तिच्याकडे, चौकटीत यायला लागलं. सावकाश. अजिबात घाई नव्हती त्याला. हातभराची वीत झाली, वितेची चार बोटं.

"हात काढा, साहेब," प्रमुख म्हणाला. "हे बोटं बघत नाही."

बोटं हलली नाहीत.

"हात काढा."

यंत्र थांबलं. त्यांनीच थांबवलं होतं. पैलवानच्या मिठीत, मान मुरगळलेल्या अवस्थेतही तो हसला. तो हसला की त्याच्या नाकातून आवाज यायचा, तो तिला ऐकू आला. त्याला माणसं वाचता यायची. ही माणसं बोटं चिरडणार नाहीत हे त्यानं वाचलं होतं, आणि बोटं तिथे असेपर्यंत दार बंद होणार नव्हतं.

ती त्या बोटांकडे बघत राहिली. तिच्या तोंडापासून ती वीतभर अंतरावर होती. नखं नीट कापलेली. रुतलेली अंगठी. पेरं जोर लावून पांढरी पडली होती. तिनं मुठीतलं मनगट सोडवलं. आधी करंगळी धरली.

लहान मुलाच्या मुठीतून मणी काढून घ्यायचा असतो, तेव्हा मूठ ओढायची नसते. एकेक बोट उचलायचं असतं, मागच्या बाजूनं, बोलत बोलत. ती हे दिवसातून कितीतरी वेळा करायची. करंगळी उचलली. ती सहज आली, तिलाच नवल वाटलं एवढी सहज. आणखी थोडी मागे नेली असती तर मोडली असती. तिनं ती हद्द ओळखली. सांधा किती देतो आणि कुठे देत नाही, हे त्यानं तिच्याच हातावर तिला शिकवलेलं होतं. तिथे ती थबकली. बाहेर हसू थांबलं होतं.

"सोड," ती म्हणाली. मुलीशी बोलायची तशीच.

मग तिनं अनामिका उचलली, अंगठीसकट. मग मधलं. तर्जनी आपण होऊनच सुटली. चारही बोटं एकत्र धरून तिनं ती फटीबाहेर लोटली, कुणाचं तरी चुकून घरात आलेलं सामान परत द्यावं तशी.

"आता लावा," ती म्हणाली.

घूं. उजेडाची पट्टी दोरीएवढी झाली, मग दोऱ्याएवढी. मग नव्हतीच. दार चौकटीत बसलं तेव्हा सगळं घर एकदा हललं आणि स्थिर झालं.

बाहेर झटापट खाली खाली जात राहिली. तो आता ओरडत होता, सगळ्या जिन्यानं ऐकावं असं, आणि त्यातला एकही शब्द कळत नव्हता. ती भिंतीला धरून सोफ्यापर्यंत गेली. लेकीला उजव्या बाजूनं उचललं, डावा हात आपल्या पोटाशी धरून, हलू न देता. बाहीनं डोळ्यातलं रक्त पुसलं. लेकीनं तिच्या कपाळाला बोट लावलं आणि ते आईला दाखवलं.

"हो," ती म्हणाली. "बाऊ."

दारापलीकडे कुणीतरी पायरीवर बसलं. शिरस्त्राण फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. मग वॉकीटॉकी खरखरली. दूरच्या कुठल्या तरी खोलीतला कंटाळलेला आवाज विचारत होता.

"काम झालं का? दार उघडलं?"

"नाही," प्रमुख म्हणाला.

"मग? आणखी गाडी पाठवू?"

"गाडी नको. पोलीस लवकर पाठवा, त्यांच्यात एक बाई असू द्या, आणि मुलांचा डॉक्टर." मग तो म्हणाला, "आणि आमच्या ड्यूटीवर दुसरं पथक लावा. आम्ही दार धरून बसलोय."